अर्ज म्हणजे भीक नव्हे!

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. आपल्याला एखादा कायदा हवा असेल, तर तो मागायचा कसा? मोर्चा कसा काढायचा ते आपल्याला ठाऊक आहे. घोषणा कशी द्यायची ते शिकवावं लागत नाही. पण सही-अंगठ्यांचा कागद करून तो लोकसभेत नाहीतर विधानसभेत कसा पोचवायचा, हे विचारलं की आपल्यातला भलाभला गडी मान खाली घालतो. म्हणतो, "आपण चार बुकं शिकलेली माणसं. कायदे करणारे वर बसलेत. आपल्या कागदाला कोण विचारतो?"

मंडळी, कामगाराची ही समजूत मालकाच्या फार सोयीची आहे. कायदा काही पाऊस नव्हे, की वरून पडला तर पडला, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचं! आपल्या अंगावर कायद्याचं जे काही पांघरूण आहे, त्यातला धागा न् धागा कुणीतरी मागितला म्हणून विणला गेला. आणि या देशात गिरणी कामगारासाठी सही करून तो मागणारे पहिले कोण? आपलेच वाडवडील. मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार.

पाच मागण्यांचा कागद

१८८४ सालची गोष्ट ऐका. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८१ साली, हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला होता. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या पोराकडून दिवसाला ९ तासांच्या वर काम घ्यायचं नाही. म्हणजे सात वर्षांचं लेकरू ९ तास राबलं तरी ते कायद्यात बसत होतं! मोठ्या माणसाच्या आणि बाईच्या तासांचं तर त्यात नावच नव्हतं. दिवस उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क कायद्यात नव्हता.

तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे झाले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस. स्वतः गिरणीत नोकरी केलेली, त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. १८८० पासून ते मुंबईत 'दीनबंधु' पत्र चालवीत होते. १८८४ साली मुंबई सरकारनं गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी ओळखलं, की आपला कागद पुढे करायची वेळ हीच. त्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे गेला.

त्या अर्जात मागण्या पाच होत्या. नीट मोजा.

पहिली : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पुरी सुट्टी.

दुसरी : दुपारी अर्धा तास विसावा.

तिसरी : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना संपावं.

चौथी : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

पाचवी : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

बघा, यात कुठं आकाशपाताळ एक केलंय? कुठं मोठमोठे शब्द आहेत? बायको घरी जे बोलते, सोबती साच्यावर जे बोलतो, तेच कागदावर आणलं. आता याचं पुढे काय झालं ते ऐका. आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. पुरुष कामगाराच्या तासांना १९११ साली पहिली हद्द पडली, कापड गिरण्यांत दिवसाला १२ तास. ती उतरत उतरत १९४८ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांवर आली. जखमेची भरपाई १९२३ च्या कायद्यानं आली. पगार पुढच्या महिन्याच्या ७ नाहीतर १० तारखेच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या कायद्यानं मालकाला बांधून घातलं.

म्हणजे पाचही मागण्या कायदा झाल्या. पण एक सुट्टीला ७ वर्षं लागली, भरपाईला ३९ आणि पगाराच्या तारखेला ५२. लोखंडे स्वतः १८९७ साली गेले. सह्या करणाऱ्यांतल्या कितीजणांना पाचवी मागणी मिळालेली दिसली असेल? तरी त्यांनी सही केली. कुणी लावलेल्या आंब्याची फळं आपण खातो आहोत, याची जाण आपण ठेवली पाहिजे.

कागद एकटा चालत नाही

आता कुणी म्हणेल, वा! मग सही केली की झालं. नाही. १८८४ चा अर्ज दिल्यावर सरकारनं लगेच काही दिलं नाही. कमिशनचं काम झालं, कागद फायलीत गेले. लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत पुन्हा सभा भरली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बाया उभ्या राहून बोलल्या. १८९० सालात, हजारो पुरुषांच्या पुढं! आजच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं. या वेळी सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघापुढं ठेवली, आणि १० जून १८९० रोजी त्यांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. त्याच साली सरकारनं नवं कमिशन नेमलं, तर त्याच्या कामात मुंबईतर्फे लोखंड्यांना घ्यावं लागलं. अर्जदार होता तो चौकशीच्या मेजाशी जाऊन बसला! आणि १८९१ साली कायदा झाला.

एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. त्या वेळी इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीमालकही हिंदुस्थानात कारखाना कायदा करा म्हणून सरकारच्या मागं लागले होते. त्यांना आपल्या पोरांचा कळवळा नव्हता. मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या बाजारात घुसत होतं, हे त्यांचं दुखणं. तेव्हा सरकार हललं ते एका कागदानं नव्हे. पण कायदा करायची वेळ आली, तेव्हा कामगाराला काय हवं हे कामगाराच्याच तोंडून लिहून तयार होतं. नाहीतर आपली मागणी दुसऱ्यानं ठरवली असती, आणि ती त्याच्या मापाची शिवली असती.

विलायतेतला धडा

कापड गिरण्यांचं कूळ विलायतेचं, तसा अर्जाचा एक मोठा धडाही तिथलाच. १८३८ साली इंग्लंडातल्या कामगारांनी सहा मागण्यांची एक सनद काढली. कामकऱ्याला मत नव्हतं, ते मिळावं. मतदान गुप्त व्हावं. पार्लमेंटात जायला मालमत्तेची अट नसावी, सभासदाला पगार असावा, म्हणजे गरीबही निवडून जाईल. मतदारसंघ सारखे असावेत. निवडणूक दरसाल व्हावी. १८३९ साली १२ लाख ८० हजार सह्यांचा अर्ज नेला. पार्लमेंटानं फेटाळला. १८४२ साली ३३ लाखांवर सह्या नेल्या. तो कागद इतका मोठा, की दारातून आत जाईना! सुटा करून न्यावा लागला. तरी ४९ विरुद्ध २८७ मतांनी अर्जदारांचं म्हणणं ऐकायलासुद्धा नकार दिला.

तिसऱ्यांदा १८४८ साली पुढाऱ्यांनी सांगितलं, ५७ लाख सह्या आहेत. पार्लमेंटाच्या कारकुनांनी मोजल्या, त्या १९ लाख ७५ हजारांच्या घरात भरल्या. शिवाय त्यात कुणी राणीचंच नाव लिहिलेलं, कुणी टवाळीची नावं घातलेली. झालं! लाखो खऱ्या माणसांची सही त्या खोट्या सह्यांखाली गाडली गेली. शहाण्यांच्या सभागृहाला हसायला निमित्त मिळालं आणि मागणीवर कुणी बोललंच नाही.

पण शेवट ऐका. त्या सहा मागण्यांतल्या पाच पुढे त्याच पार्लमेंटानं कायदा केल्या. मालमत्तेची अट १८५८ साली गेली, गुप्त मतदान १८७२ साली आलं, सभासदांना पगार १९११ साली, सगळ्या पुरुषांना मत १९१८ साली. मागणी खरी असली, तर ती मरत नाही. पण खोटी सही तिला वर्षानुवर्षं मागं ढकलते. म्हणून आम्ही युनियनच्या पोरांना सांगतो, दहा सह्या कमी आणा, पण शेजाऱ्याच्या नावानं अंगठा उठवू नका.

आजची वाट

आता आपल्या देशात आज वाट कशी आहे ते सांगतो. काही देशांत ठरावीक सह्या झाल्या की सरकारला तो विषय हातात घ्यावाच लागतो. स्वित्झर्लंडात १८ महिन्यांत एक लाख मतदारांनी सह्या केल्या, तर राज्यघटनेतल्या बदलाचा प्रस्ताव सगळ्या जनतेच्या मताला टाकावा लागतो. आपल्याकडे असा आकडा नाही. इतक्या सह्या आणा आणि कायदा घ्या, असं कुणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. पण दार आहे, आणि ते ठोठवायचे नियमही आहेत.

आधी कुणाचं दार, ते ठरवा. कामगारांची स्थिती, भरपाई, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची मदत, हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे दिल्लीची संसदही त्यावर कायदा करू शकते आणि राज्याचं विधिमंडळही. दोन्हीकडे लोकांचे अर्ज तपासायला विनंती अर्ज समिती असते. लोकसभेच्या समितीत १५ सभासद, राज्यसभेच्या समितीत १०. लोकसभेच्या समितीवर मंत्र्याला बसता येत नाही.

लोकसभेला अर्ज करायचा तर काय काय पाहायचं?

अर्ज सभागृहाच्या नावानं लिहायचा. भाषा सभ्य. कुणाला शिवी नाही, टोमणा नाही. शेवटी नेमकी विनंती काय आहे ते लिहायचं. ते नसेल तर सगळा अर्ज म्हणजे नुसतं रडगाणं. सही करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता पाहिजे. लिहिता येत नसेल त्याचा अंगठा चालतो. होय, नियमातच लिहिलंय, अंगठा चालतो! एकाहून जास्त कागदांवर सह्या असतील, तर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर तीच विनंती पुन्हा लिहायची. म्हणजे कोरा कागद पुढं करून कुणाच्या सह्या घ्यायच्या नाहीत, आणि कुणी आपल्यापुढं कोरा कागद धरला तर आपणही सही करायची नाही. अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. खासदार अर्ज मांडणार असेल, तर त्याची त्यावर सही लागते. म्हणून आपल्या खासदाराला गाठा. मतं मागायला तो आपल्या चाळीत येतो, तर सही मागायला आपण त्याच्या घरी जायला लाज कसली?

भाषेचं काय? लोकसभेचा अर्ज हिंदीत नाहीतर इंग्रजीत लागतो. मराठीत केला, तर त्याला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर सही करायची. पण गाऱ्हाण्याचा साधा अर्ज केंद्राच्या नाहीतर राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे मराठीतून करायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलेला आहे. मराठी राज्य १ मे १९६० रोजी झालं, त्याच्या लढ्यात गिरणी कामगार छाती काढून उभा होता. तेव्हा कुणी कारकून "इंग्रजीत आणा" म्हणाला, तर त्याला हे कलम सांगा. आवाज चढवू नका, नुसतं कलम सांगा.

आणि अर्ज कशाचा करायचा नाही? जे कोर्टात चालू आहे त्याचा नाही. ज्यावर आधीच कायद्यात इलाज आहे त्याचाही नाही. एक उदाहरण देतो, गिरणीचं नाव घेत नाही. ठेकेदाराच्या एका कामगाराची दोन बोटं यंत्रात गेली. गिरणी म्हणते आमचा माणूस नव्हे, ठेकेदार म्हणतो आमच्या मस्टरवर नाव नाही. काही मंडळी म्हणाली, यासाठी नवा कायदा मागू. आम्ही म्हटलं, थांबा. ठेक्याच्या कामावर अपघात झाला तर मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे १९२३ पासून कायद्यात लिहिलंय. तिथं भरपाईचा दावा लावायचा, लोकसभेला त्रास द्यायचा नाही. कायदा आहे तिथं तो बजावून घ्या. कायदा नाही तिथंच तो मागा.

दुसरीही एक वाट आहे. मंत्री नसलेला कोणताही खासदार स्वतःचं विधेयक मांडू शकतो. अशी विधेयकं मंजूर होणं फार कठीण. स्वातंत्र्यानंतर १४ च मंजूर झाली, आणि शेवटचं १९७० साली. पण मांडण्याचा उपयोग असतो. १९२४ साली ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या मदतीचं विधेयक आणलं. ते पडलं. पण पाचच वर्षांत, १९२९ साली, मुंबई इलाख्यानं तसा कायदा केला.

मसुदासुद्धा लोकांना करता येतो. राजस्थानात खेड्यातल्या मजुरांना आपल्या मजुरीचा हिशेब दाखवत नव्हते. हजेरीचं बुक बघू द्या, एवढीच मागणी. त्यासाठी १९९६ साली ब्यावर गावात ४० दिवस धरणं धरलं. त्याच साली प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पुढाकारानं कायद्याचा मसुदा तयार झाला. २००५ साली माहितीचा अधिकार सगळ्या देशाला मिळाला. हजेरीच्या बुकापासून निघालेली मागणी कुठवर गेली बघा!

म्हाताऱ्या सोबत्यांची पेन्शन

आता ज्यासाठी आम्ही एवढं सगळं सांगितलं, त्या गोष्टीवर येतो.

तीस-तीस वर्षं साच्यावर उभं राहून, कापसाची धूळ छातीत भरून जे घरी गेले, त्या सोबत्यांची पेन्शन तुम्हाला ठाऊक आहे. १९९५ च्या पेन्शन योजनेत किती मिळतं ते त्यांच्या बँकेच्या पुस्तकात बघा. या योजनेवर राज्यसभेकडे एक अर्ज गेला होता. साधा नागरिकाचा अर्ज, आपण आत्ता बोललो तसलाच. तो विनंती अर्ज समितीकडे गेला. भगतसिंह कोश्यारी तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. समितीनं २०१३ साली अहवाल दिला, की किमान पेन्शन महिना ३००० रुपये करावी. सरकारनं किती केली? १ सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपये. दिवसाला ३३ रुपये. त्यात चहाही बसवा, औषधही बसवा, नातवाला खाऊही बसवा!

आता यातून दोन माणसं दोन अर्थ काढतील. एक म्हणेल, बघा, अर्ज फुकट गेला. दुसरा म्हणेल, त्याआधी कित्येकांना १००० सुद्धा मिळत नव्हते, ते तरी मिळाले. आम्ही तिसरंच सांगतो. त्याच समितीनं २०११ साली माजी सैनिकांच्या 'एक हुद्दा, एक पेन्शन' या मागणीच्या बाजूनं अहवाल दिला होता. सैनिकांनी तो अहवाल हातात धरून ठेवला. २०१५ साली म्हातारी माणसं छातीवर पदकं लावून दिल्लीच्या जंतरमंतरवर बसली. त्याच साली नोव्हेंबरात सरकारी आदेश निघाला. अहवाल जुना झाला म्हणून त्यांनी तो रद्दीत टाकला नाही.

समिती कायदा करीत नाही. ती शिफारस करते. शिफारशीत जीव घालणं हे आपलं काम. १८८४ नंतर १८९० ची सभा झाली नसती, तर १८८४ चा कागद आज कुणाला आठवला असता?

आता काय करायचं?

तेव्हा बंधूंनो, आम्ही या सभेपुढं एक अर्ज ठेवतो आहोत. विनंती एकच : किमान पेन्शन महागाईच्या आकड्याशी बांधून द्यावी, आणि ती कायद्यानंच बांधावी, म्हणजे दर वेळी म्हाताऱ्या माणसांना दिल्लीला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. त्यात बोनस नको, दुसरी मागणी नको. दहा मागण्यांचं गाठोडं बांधलं, की देणारा त्यातली सगळ्यात हलकी उचलतो आणि बाकीची परत करतो.

प्रत्येक खात्यातून दोन माणसं आणि एक बाई पुढं यावी. ब्लोरूम, कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, सगळीकडून. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर विनंती लिहिलेली असेल. सही घेण्याआधी ती मोठ्यानं वाचून दाखवायची. ज्याला पटणार नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही. नाव पूर्ण, पत्ता पूर्ण. घरी बसलेल्या जुन्या सोबत्यांकडे आधी जायचं. हात थरथरत असेल तर अंगठा घ्यायचा, पण तो त्यांचाच असला पाहिजे.

कागद खासदाराच्या हातात दिला, की त्याची पोच घ्यायची. सभागृहात कधी मांडला, समितीकडे कधी गेला, खात्यानं काय उत्तर दिलं, हे दर महिन्याच्या सभेत वाचून दाखवायचं. समितीनं बोलावलं, तर जो माणूस ३३ रुपयांत दिवस काढतो त्याला पुढं बसवायचं, पुढाऱ्याला मागं. आणि सरकार कायद्याचा नाहीतर नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढतं, तेव्हा दिवस मोजकेच मिळतात. ती तारीख चुकवायची नाही.

काहीजण म्हणतील, अर्ज म्हणजे भीक. नाही मंडळी! भिकारी एकटा असतो, आणि मिळेल ते घेऊन निघून जातो. आपण हजारो आहोत, काय पाहिजे ते लिहून मागतो आहोत, आणि मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. अर्ज हे मोर्चाचं लेखी तोंड आहे. मोर्चा ओरडून घरी जातो, कागद दप्तरात राहतो. दोघं मिळून चालले, तर सरकारला चालावं लागतं.

साडेपाच हजारांनी आपल्यासाठी सही केली होती. त्यांना आपली नावं ठाऊक नव्हती. आज आपल्या म्हाताऱ्या सोबत्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, घरं ठाऊक आहेत. उद्यापासून त्या दारांत कागद घेऊन जायचं आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!